चिपळ्याचा पूर्वरंग

वामनरावांचा कुत्रा चिपळ्या शेजारणींच्या वाळत घातलेल्या कुरडयांवरून तिसऱ्यांदा पळाला, तेव्हा कॉलनीचे अध्यक्ष तातेराव स्वतः दारात आले.

"वामनराव, याला शिस्त म्हणून न्हाई. वळण लावा, न्हाई तर अंतरवाली सराटीला मेव्हण्याच्या शेतावर धाडा."

वामनराव सत्त्याण्णव साली जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले होते. चिपळ्या गेला तर संध्याकाळी पोथी वाचायची कुणापुढं, हा त्यांना घोर लागला. पत्नी अरुंधतीबाईंना दुसऱ्या ओवीलाच डुलकी लागे. चिपळ्याला आजवर कधी लागली नव्हती.

पुतणी उमा जनावरांची डॉक्टर. तोडगा तिनं काढला. मोठ्या शहरांत कुत्र्यांच्या कसरतीच्या शर्यती होतात : आडवी काठी ओलांडायची, पत्र्याच्या पिंपातून आरपार जायचं, रोवलेल्या बांबूंतून नागमोडी पळायचं आणि शेवटी पाटावर गप बसायचं. हे सगळं चिपळ्यानं तीन मिनिटांत केलं तर तो राहील, असं तातेरावांकडून तिनं कबूल करून घेतलं.

"काका, काठी आधी भुईवर ठेवा, मंग हळूहळू वर न्या. जमलं की लगेच भाकरीचा तुकडा द्या."

वामनरावांनी मान डोलावली. पण उभा जन्म कीर्तनं ऐकण्यात गेलेला माणूस. अर्थ कळल्यावाचून कुणी उडी मारावी, हे त्यांच्या मनाला पटेना. रोज सकाळी मोकळ्या प्लॉटवर उपरणं घेऊन ते उभे राहत.

"चिपळ्या, काठी म्हणजे अहंकार. जितका उंच धरावा, तितका पायात येतो."

पिंप म्हणजे गर्भवास. सहा बांबू म्हणजे सहा विकार. पाट म्हणजे संतांचे चरण. चाळीस मिनिटं निरूपण, मग नामाचा गजर, मग कपाळाला बुक्का. चिपळ्या पंजांवर हनुवटी टेकून सगळं ऐके आणि बुक्का लागला की चारही कसरती बिनचूक करी.

रविवारी अख्खी कॉलनी जमली. तातेरावांनी घड्याळ हातात धरलं. "करा सुरू."

"चिपळ्या, उडी."

चिपळ्यानं पंजांवर हनुवटी टेकली आणि तो ऐकायला बसला.

"उडी, बाळा."

"एक मिनिट गेलं," तातेराव म्हणाले. "काय करून राह्यला हा?"

"वाट बघून राह्यला," उमा कपाळाला हात लावत म्हणाली. "काका, सांगा आता त्याला. त्याशिवाय तो उठायचा न्हाई."

वामनरावांनी डोळे मिटले, उपरणं सावरलं. "काठी म्हणजे अहंकार..."

गर्भवासापर्यंत येईतो बायकांनी सतरंज्या आणल्या, पुरुषांनी चपला काढल्या. तातेराव तेवढे उभे.

"भावजी, कीर्तनात कुणी घड्याळ बघतं का?" अरुंधतीबाई हळूच म्हणाल्या. त्या दिवशी त्या जाग्या होत्या. तातेरावांनी ओशाळून घड्याळ खिशात घातलं आणि मांडी घातली. चौथ्या विकाराला त्यांनी टाळीही धरली.

गजर झाला. वामनरावांनी सगळ्यांना बुक्का लावला, अध्यक्षांना लावला, चिपळ्याला लावला. चिपळ्या उठला; काठी, पिंप, बांबू आणि पाट. मोजून वीस सेकंद.

तातेरावांनी घड्याळ काढलं. "पाऊण तास झाला की हो. ठरलं होतं तीन मिनिटांचं."

"पळायला वीसच सेकंद लागले, तातेकाका," उमा म्हणाली.

"आणि बसायला?"

वामनराव चिपळ्याकडे बघत राहिले. सतरंजीवरून मात्र कुणी उठेना.

"पूर्वरंग झाला, आख्यान राह्यलं की," कुणीतरी म्हणालं.

तातेराव विचारात पडले. "बराबर हाय. अर्धं कीर्तन सोडून निकाल द्यायचा, म्हणजे पाप डोक्यावर घ्यायचं. आख्यान संपू द्या, मंग बघू. तवर कुत्रा हितंच राहील."

वामनरावांनी पाटावरच्या चिपळ्याकडे एकदा पाहिलं, घसा साफ केला आणि येत होतं त्यातलं सगळ्यात लांब आख्यान लावलं. दर रविवारी थोडं थोडं.