उरलेलं चित्रण

कंपनीच्या वकिलाने लॅपटॉप उचलून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि अपील ऐकणाऱ्या बाईंकडे वळवला. मग काहीतरी आठवल्यासारखं करून तो जरा तिरपा केला, वस्तादलाही दिसेल असा.

"नीट बघा. तुम्हीच आहात ना हे?"

पडद्यावर इमारतीमागचं अंगण होतं, वरून दिसणारं. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर एक लहान मुलगी चढून बसली होती आणि एक आडव्या अंगाचा माणूस तिच्याकडे झपाझप चालला होता. त्याने हात वर केले, मुलीला उचललं, खांद्याशी घट्ट धरलं आणि दोन-चार पावलं टाकली. तिथे चित्रण संपलं.

"मीच आहे," वस्ताद म्हणाला. "ती माझी नात."

"वजन किती असेल तिचं?"

"नातवंडांचं वजन कोण करतं, साहेब?"

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा चढवला.

वस्ताद काचेच्या कारखान्यात काच कापायचा. तरुणपणी आखाड्यात जायचा म्हणून सगळे त्याला वस्तादच म्हणत. काचांची पेटी उतरवताना पट्टा सटकला, तेव्हा खाली दोघेजण उभे होते. ते बाजूला होईपर्यंत त्याने पेटी पाठीवर तोलून धरली. ते दोघे वाचले आणि वस्तादच्या कण्यातली चकती सरकली. भरपाई मागितली तर उत्तर आलं, पाठीचं दुखणं जुनंच आहे, कामाशी त्याचा संबंध नाही. त्या निकालावर हे अपील होतं.

"पुढे काय झालं ते सांगा," त्याची वकीलबाई हलक्या आवाजात म्हणाली. वयाने ती त्याच्या मुलीएवढी होती.

"पुढं काय? पोरीला खाली ठेवलं आणि मी गुडघ्यांवर आलो. उठताच येईना. नंतर कितीतरी दिवस अंथरुणाला खिळून होतो. पोरगी पडत होती हो. हात आपोआप गेले."

"हे यात कुठे दिसत नाही," कंपनीचा वकील म्हणाला.

"दिसेल कसं? चित्रण मध्येच तोडलंय," वकीलबाई म्हणाली. "पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. या खेपेला वस्तादने स्वतःकडे पाहिलं नाही. स्वतःला पाठमोरं पाहायला माणसाला लाजच वाटते. त्याची नजर अंगणाच्या भिंतीवर गेली. सरळ भिंत एका जागी किंचित लचकली होती, पाण्यात बुडवलेली काठी दिसते तशी. चित्रण घेणारा फोन हलला की ती लचक भिंतीवरून सरकत टाकीवर जायची आणि पुन्हा भिंतीवर यायची.

चित्रण काचेतून घेतलेलं होतं, आणि त्या काचेत लहर होती.

ती लहर वस्तादच्या ओळखीची होती. लहर आलेली काच कारखाना विकत नाही, फोडून पुन्हा भट्टीत टाकतो. अशीच एक काच त्याने साहेबांना सांगून मागून घेतली होती, मापात कापली होती आणि स्वतःच्या हाताने कडांना लांबीचा लगदा भरून एका खिडकीला बसवली होती. आपल्याच इमारतीत, वर दुसऱ्या मजल्यावर, लंबूच्या स्वयंपाकघरात.

लंबू त्याच कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. बारा पिंपळावरचा मुंजा, कुठे काय चाललंय ते सगळं त्याला ठाऊक. दावा फेटाळल्यावर वस्ताद हातपाय गाळून बसला होता, तेव्हा "असा कसा सोडतोस? निकालावर अपील करता येतं, पण मुदत आहे, झोपू नकोस," असं म्हणून त्याला उठवणारा लंबूच. दुसऱ्या डॉक्टरचा अभिप्राय घ्यायला लावला त्यानेच, वाचलेल्या दोघांना साक्षीला तयार केलं त्यानेच, ही वकीलबाई शोधली तीही त्यानेच.

"तुम्ही पडलात तेव्हा तिथे कोणी होतं?" बाईंनी विचारलं.

त्या दिवशी जिन्यावरून धावत आलेला, काखेत हात घालून त्याला उठवणारा, "श्वास घे, वस्ताद, आधी श्वास घे" म्हणणारा माणूस वस्तादच्या डोळ्यांपुढे लख्ख उभा होता.

"शेजारी होते," तो शेवटी म्हणाला.

"त्यांना साक्षीला आणता येईल?"

"बघतो."

पुढची तारीख पडली. बाहेर येताच वकीलबाई म्हणाली, "काका, तो शेजारी हवाच. नाहीतर एवढ्या तुकड्यावर ते आपल्याला खोटं पाडतील." वस्तादने मान हलवली. बाहेर बाकावर थांबलेल्या बायकोला घेऊन तो घरी आला.

"अहो, काय झालं ते सांगाल का?" घरात शिरल्यावर तिने विचारलं. "पांढरेफटक पडलात तुम्ही."

"पाणी दे."

पाणी तो प्यायलाच नाही. भांडं हातात धरून तो मागच्या दारात उभा राहिला आणि वर बघत राहिला. लंबूच्या खिडकीला संध्याकाळचं ऊन लागलं होतं आणि काचेतली लहर खालूनही कळत होती. इतकी वर्षं ती तिथे होती. वहिनी, म्हणजे लंबूची बायको, चेष्टेने म्हणायच्या, "भावजी, तुमच्या काचेतून आमची टाकी नाचते." आणि लंबू म्हणायचा, "फुकटच्या काचेला लहर नको बघू."

त्याने भांडं ठेवलं आणि जिना धरला. अपघातानंतर तो दुसऱ्या मजल्यावर गेला नव्हता. लंबूच खाली यायचा. एकेक पायरी चढून, कठड्याला टेकत, तो वर पोचला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

दार लंबूने उघडलं. त्याला बघून लंबू इतका दचकला की दारातून बाजूला व्हायचंही विसरला.

"तू कशाला चढलास? हाक मारायचीस की! काय म्हणाले तिकडे?"

वस्ताद आत गेला आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन खिडकीपाशी उभा राहिला. वहिनी कणीक मळत होत्या. दोघांचे चेहरे बघून त्यांनी हात झटकले आणि निमूटपणे बाहेर गेल्या.

येताना त्याने पुष्कळ शब्द जुळवले होते. त्यात शिव्याही होत्या. पण अंगणात बघता बघता ते सगळे कुठल्या कुठे गेले.

"पुढचं पण असेल ना तुझ्याकडे?" त्याने विचारलं.

लंबू मटकन स्टुलावर बसला. एवढा उंच माणूस, पण बसल्यावर केवढासा दिसला.

"कंपनीवाले स्टोअरमधून काढतो म्हणाले," तो म्हणाला. "माल कमी भरलाय, तुझ्यावरच घालतो म्हणाले. नाहीतर वस्ताद घरी काय करतो ते दाखव. मला वाटलं, बसलेला असशील, काठी घेऊन चालत असशील. तेच दाखवायचं, म्हणजे त्यांचंही तोंड बंद आणि तुझंही काही बिघडणार नाही. आणि त्याच दिवशी ती पोरगी टाकीवर चढली."

"आणि तू फोन धरून उभा राहिलास."

"उभा नाही राहिलो रे."

त्याने खिशातून फोन काढला. चित्रण सुरू झालं. भिंत, टाकी, नात, तोच पाठमोरा माणूस. दोन-चार पावलं. आणि पुढे, जे सुनावणीत कोणी पाहिलं नव्हतं ते. माणसाने मुलीला जमिनीवर ठेवलं आणि कमरेतून मोडल्यासारखा खाली गेला. "अरे! अरे वस्ताद!" फोनच्या अगदी जवळ लंबूचा आवाज फुटला. चित्र गरकन फिरलं, छतावरचा पंखा दिसला, भांडं पडल्याचा आवाज झाला आणि जिन्यावर धाडधाड पावलं उतरत गेली. त्यानंतर बराच वेळ नुसता पंखा फिरत होता आणि खालून कोणीतरी रडत होतं. नात असावी.

वस्तादला इतके दिवस वाटत होतं, आजोबा खेळतायत असं समजून नात तेव्हा हसत होती.

"मी सगळंच दिलं होतं," लंबू म्हणाला. "त्यांनी हवं तेवढं ठेवलं. पण मी पुसलं नाही. रोज ठरवायचो, खाली जाऊन तुला सांगायचं. जायचो, तुझ्याकडे चहा प्यायचो आणि परत यायचो."

"हे मला हवंय."

"त्यात माझा आवाज आहे, वस्ताद."

"आहे."

निघताना लंबूने आधाराला हात पुढे केला. वस्तादने कठडा धरला आणि एकटाच उतरला.

तारखेच्या दिवशी वकीलबाई सारखी दाराकडे बघत होती. वस्ताद बघत नव्हता. नाव पुकारलं गेलं आणि कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला लंबू आत आला, तेव्हा कंपनीच्या वकिलाचा चेहरा आधी खुलला आणि मग हळूहळू उतरला. लंबू वस्तादच्या बाजूच्या खुर्चीकडे गेला होता.

निकाल पुढे वस्तादच्या बाजूने लागला आणि लंबूकडून स्टोअरच्या किल्ल्या काढून घेतल्या गेल्या. पण त्या दुपारी यातलं काही कोणाला ठाऊक नव्हतं.

बाईंनी फोन पुढ्यात घेतला. चित्रण लावण्याआधी त्यांनी लेखनिकाला खूण केली आणि साक्षीदाराला विचारलं, "अर्जदार तुमचे कोण?"

लंबूने वस्तादकडे पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "ते आता त्यालाच विचारा."

सगळे वस्तादकडे वळले. बसून बोललं तरी चाललं असतं, पण टेबलाचा आधार घेऊन तो उभा राहिला. उठताना पाठीतून कळ गेली, ती जाईपर्यंत थांबला.

"माझा शेजारी आहे," तो म्हणाला.

लेखनिकाने लिहून घेतलं. वस्ताद खाली बसायला लागला, मग तसाच अर्धवट वाकलेला थांबला.

"मला उचलायला हाच धावत आला होता," तो म्हणाला. "तेही लिहा."