सोमवारच्या रिपोर्टाचा वाचक

काचेच्या बरण्या बनवणाऱ्या त्या कंपनीत बाईंना सगळे परवानेबाई म्हणत. आकडेवारीच्या सॉफ्टवेअरचे चाळीस परवाने त्यांच्या ताब्यात होते. कुणाला द्यायचा, कुणाचा काढायचा, पासवर्ड विसरलेल्या माणसाला किती वेळ ताटकळत ठेवायचं, हे त्याच ठरवत. शिवाय दर सोमवारी सकाळी नऊला त्यांचा चौदा पानी रिपोर्ट निघे: किती बरण्या तयार झाल्या, किती विकल्या, किती फुटल्या. तो त्या रविवारी दुपारी घरी, जेवणाच्या टेबलावर बसून तयार करत. नऊ वर्षं करत होत्या. कुणी वाचतं का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. उत्तर मिळालं असतं तर काय घ्या!

मग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि उत्तर न विचारताच मिळालं.

कोण कोणता रिपोर्ट किती वेळा उघडतो, याचा तक्ता आता ॲडमिनला, म्हणजे बाईंना, दिसू लागला. साठ दिवस ज्याने काहीच उघडलं नाही त्याचा परवाना आपोआप परत जाणार होता, विचारण्या-सांगण्याची भानगडच नाही. आणि वाचणाऱ्यांनी रिपोर्टाखाली लिहिलेले शेरे, जे आजवर कुठे पडून होते देव जाणे, ते सगळे एका पानावर मिळत होते. साहेबांनी फर्मान काढलं: चाळीस परवाने फार झाले, पंचवीस ठेवा, वापर बघून शुक्रवारपर्यंत यादी द्या.

बाईंनी तक्ता उघडला. सोमवारचा रिपोर्ट, गेली दोन वर्षं. साहेब, शून्य. विक्री विभाग, शून्य. खरेदी विभाग, एकदा, तेही चुकून, कारण चार सेकंदांत बंद केलेला. आणि सगळ्यात वर, एकशे चार सोमवारांपैकी एकशे चार वेळा, दर वेळी नऊ वाजून दहा मिनिटांनी: गोदामप्रमुख.

बाईंना आधी बरं वाटलं. मग आठवलं की गोदामप्रमुख दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेत, त्यांच्या जागी अजून कुणाला नेमलेलं नाही, आणि ते आपले सासरे आहेत. बाईंची पाचावर धारण बसली.

चूक त्यांचीच होती. खातं बंद करण्याच्या फॉर्मवर विभागप्रमुखाची सही लागते. इथे खातं विभागप्रमुखाचंच. निवृत्तीच्या दिवशी सासरे गोदामातल्या सगळ्यांच्या कागदांवर सह्या करून घरी गेले आणि त्यांचा स्वतःचा फॉर्म बाईंच्या ट्रेमध्ये तसाच राहिला. नवा प्रमुख आला की सही घेऊ, असं बाईंनी ठरवलं. तो आलाच नाही. फॉर्म घरी नेऊन सासऱ्यांपुढे धरायची त्यांची छाती झाली नाही. घरात सासरे बोलत ते "गॅस बंद आहे ना?" आणि "मीठ कमी आहे," एवढंच. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण चहा चांगला झाला की वाईट, हेसुद्धा त्यांनी सुनेला कधी कळू दिलं नव्हतं.

बाईंनी शेऱ्यांचं पान उघडलं. शेरे एकशे चार होते.

"पान नऊ. फुटलेल्या बरण्या दोनदा धरल्या आहेत. तपासावे." पुढच्या आठवड्यात: "पान नऊ तसेच आहे." मग: "झाकणांचा तक्ता आता समजतो. पूर्वी समजत नसे." मग: "अक्षर मोठे करावे. वाचणारा म्हातारा असू शकतो." आणि गेल्या वर्षीचा एक: "घाईत केलेला दिसतो. अंगात ताप होता. तरी केला."

बाईंना रडू आलं. ऑफिसात रडायची सोय नसल्यामुळे त्या प्रिंटरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथे सगळेच रडकुंडीला आलेले असतात.

खातं गुपचूप काढून टाकता आलं असतं. कुणाला पत्ताही लागला नसता. त्यांनी बटणावर बोट ठेवलं, तेव्हा पडद्यावर आलं: "या वापरकर्त्याचे सर्व लेखन कायमचे पुसले जाईल. चालेल?"

"नाही चालणार," बाई मोठ्याने म्हणाल्या. शेरे आपल्या खात्यावर उतरवून घेता येत होते, पण त्याला सही केलेला फॉर्म जोडावा लागणार होता. निवृत्त माणसाची सही चालेल का, हे साहेबच सांगू शकत होते. तेव्हा त्या सरळ त्यांच्याकडे गेल्या.

"दोन वर्षं बाहेरचा माणूस आपले आकडे वाचतोय?" साहेब म्हणाले. "तेही तुमच्या घरात बसून?"

"आतलं कुणीच वाचत नाही, साहेब," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"सोमवारी नऊला त्यांना घेऊन या. सही होऊ दे. मग तुमच्या नोकरीचं बघू."

घरी येऊन बाईंनी सासऱ्यांना खालमानेनं सगळं सांगितलं.

"सोमवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी मला काम असतं," सासरे म्हणाले.

"तिथेच करा, बाबा."

सोमवारी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून साहेबांच्या खोलीत बसले. साहेबांना आधी बाईंनी सांगितलेलं ते पान नऊ बघायचं होतं. त्यांनी पासवर्ड घातला. पडद्यावर आलं: "वापर नसल्याने आपला परवाना परत घेण्यात आला आहे. ॲडमिनशी संपर्क साधावा." साहेबांनी ॲडमिनकडे पाहिलं. ॲडमिन छताकडे बघत होत्या.

"मी उघडू?" सासऱ्यांनी विचारलं. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यांनी उघडलं, थेट पान नऊवर गेले आणि बोट टेकवलं. "फुटलेली बरणी गोदामात एकदा मोजलीय, गाडीच्या यादीत परत मोजलीय. दोन वर्षं लिहितोय मी."

साहेबांनी वाकून दोन्ही आकडे ताडून पाहिले. "म्हणजे दिसतात त्याच्या निम्म्याच फुटतात?"

"निम्म्याच."

"पण तुम्ही का वाचत होता? तुमचा आता काय संबंध?"

सासऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं. "ही रविवारी दुपारची झोप सोडून चार तास टेबलावर बसते. समोरच असतो मी. कुणीतरी वाचायला नको?"

साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. सासऱ्यांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि दोन सह्या केल्या, एक कर्मचारी म्हणून, एक विभागप्रमुख म्हणून.

"बाई, नोकरीचं राहू दे," साहेब म्हणाले. "पान नऊ दुरुस्त करा. आणि माझा परवाना?"

"अर्ज करा, साहेब. प्रतीक्षायादीत सोळावे आहात."

बाई सासऱ्यांना फाटकापर्यंत सोडायला गेल्या. फाटकापाशी बाईंना राहवलं नाही.

"बाबा, घरी कधी एक शब्द बोलला नाहीत!"

"घरी काय बोलणार? घरात तू सून," सासरे म्हणाले. "तिथे लिहिता यायचं."

"आता तर तेही बंद झालं."

सासरे, डोक्यावर भलतंच अवघड काम येऊन पडल्यासारखा चेहरा करून, म्हणाले, "सकाळचा चहा चांगला झाला होता."