जिन्यावरची बाई

मी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. गिऱ्हाईक शिडीखाली उभं राहून घड्याळ बघत असतं, त्यामुळे पाटीवाल्याचा हात पळायला शिकतो. पुढे पाट्या छापून यायला लागल्या आणि मी घरी बसलो. घर तिसऱ्या मजल्यावर. आमच्या हिचं हृदय अशक्त झालेलं, डॉक्टरांनी तिला जिना उतरायला बंदी घातलेली. म्हणजे दिवसभर ती पलंगावर आणि मी तिच्या डोक्याशी.

"माझं डोकं खाऊ नका," एक दिवस ती वैतागून म्हणाली. "एवढा हात शिवशिवतोय तर जिन्याची भिंत रंगवा. कसली कळकट झालीय ती!"

मला तेवढंच हवं होतं. सवयीप्रमाणे मी आधी शेवट ठरवला. खालच्या दारापासून खडूची दोरी मारत वर आलो आणि रेघ थेट आमच्या चौकटीला भिडवली. या रेघेवरून एक रस्ता वर चढणार, दोन्ही बाजूंना झाडं आणि घरं, की झालं काम. महिन्याभरात उरकून टाकू म्हटलं.

संध्याकाळी मी तिला सांगायचो, "आज पहिल्या वळणापर्यंत आलो."

"कुठवर आलात ते नको. काय काढलंत ते सांगा."

"झाडं."

"कसली?"

"झाडासारखी झाडं," मी म्हणायचो आणि ती कपाळावर हात मारायची.

पहिला मजला झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मला ती बाई दिसली. माझ्या रस्त्यावर, जिथे आदल्या दिवशी मी ब्रश थांबवला होता, अगदी तिथेच. वीतभर उंचीची, पाठमोरी, हातात पिशवी. मी काही ती काढली नव्हती. बोट लावून पाहिलं तर रंग खडखडीत वाळलेला. ऑइल पेंट वाळायला निदान एक दिवस लागतो, हे कुठलाही पेंटर सांगेल.

तळमजल्यावरच्या टेलरमास्तरांना विचारलं.

"पेंटर, मला सुई धरता येते. ब्रश कुठला?" ते म्हणाले. "पण बाई झकास उतरलीय हं. तुमची वाटत नाही."

हा टोमणा मी गिळला. दुसऱ्या दिवशी बाई पुढे सरकलेली होती. जुन्या जागी डागसुद्धा नव्हता, माझा रस्ता जसाच्या तसा. मी जेवढं काढायचो तेवढी ती चालायची. एके दिवशी चिडून मी दुसरा मजला एका दमात रंगवून टाकला. त्या संध्याकाळी हिला धाप लागली ती बराच वेळ थांबेना. मी तिची पाठ चोळत बसलो आणि माझ्या डोळ्यांपुढे ती खडूची रेघ आली. बाई कुठे निघाली होती ते मला तेव्हा कळलं. पत्ता मीच दिला होता.

हिला मी काहीच बोललो नाही. रेघ पुसायला गेलो. ओलं फडकं झालं, टर्पेंटाइन झालं, रेघ हलेना. मग मी काम बंद केलं. डबे झाकून ठेवले आणि म्हटलं, बघू आता कशी येतेस. तर दुसऱ्या दिवशी बाई माझा रंग सोडून कोऱ्या भिंतीवर आलेली, रेघेवर पाऊल ठेवून. बघण्यासारखं काही नसल्यामुळे ती भराभर चालली होती. साडीचा काठसुद्धा मागे उडालेला.

वाट अडली ती टेलरमास्तरांमुळे. माझी चेष्टा करायची म्हणून त्यांनी तिच्यापुढे एक मांजर काढून ठेवलं. मांजर कसलं, शेपूट लावलेली उशी. पण दुसऱ्या दिवशी बाई तिथेच होती. पिशवी खाली ठेवून मांजरापुढे वाकलेली.

मी धावत खाली गेलो. "मास्तर, अजून काढा. काहीही काढा."

"अहो, मला कुठे येतंय?"

"न येणंच बरं. सावकाश काढाल."

मग मी इमारतीतल्या सगळ्यांच्या हातात ब्रश दिले. कारण कुणाला सांगितलं नाही. कुणी पाच पायांची शेळी काढली, कुणी टेबलफॅन, पोरांनी एक विमान असं काढलं की मला तोंड फिरवावं लागलं. आयुष्यभर सरळ अक्षर काढलेल्या माणसाला हे बघवत नाही. पण बाई प्रत्येक गोष्टीपाशी थांबायची. शेळीपाशी तर ती बरेच दिवस रमली. मीही तिच्यापुढच्या एकाच झाडावर दिवस घालवायला लागलो. एकेक पान, पानाच्या शिरा, शिरेवर मुंगी. संध्याकाळी हिला सांगायला बसलो की सांगून संपायचं नाही. ती हसायची आणि मला आत कुठेतरी रडू यायचं.

तरी बाई चढतच होती. शेवटच्या वळणावर ती पोचली त्या दुपारी मी वर पाहिलं तर आमच्या दारात ही उभी. भिंतीला धरून, केस मोकळे.

"सगळ्या बिल्डिंगला ब्रश वाटलेत," ती म्हणाली. "मला कुणी विचारलं का?"

"अगं, तू आत जा," मी ओरडलोच. पण तिने बाईला पाहिलं होतं. तिने खूप वेळ पाहिलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि मी काय काय लपवलं ते माझ्या तोंडावरून तिला कळलं. इतक्या वर्षांच्या संसारात माझं तिच्यापुढे कधी काही लपलेलं नाही.

"किती मजले चढून आलीय," ती हळूच म्हणाली. "दमली असेल. तिला बसायला काही काढलंत का?"

मी खुर्ची आणून दिली. तिने बसल्या बसल्या, बाईच्या आणि आमच्या चौकटीच्या मधे, एक बाक काढायला घेतला. ब्रश तिने आयुष्यात धरलेला नव्हता. संपूर्ण दुपार गेली आणि बाकाचे तीनच पाय झाले. मी चौथा काढायला हात पुढे केला तर तिने माझ्या मनगटावर चापट मारली.

बाक पुरा झाला तेव्हा बाई त्यावर येऊन बसली. आमच्याकडे तोंड करून. साधा चेहरा, चांगला. पुष्कळ दिवस ती हलली नाही. आम्ही रोज दुपारी दाराबाहेर बसायचो. हिने बाकाखाली गवत काढलं, बाईच्या पायांत चपला काढायला घेतल्या. खालचे लोक येऊन गप्पा मारायचे, एखादी रेघ मारून जायचे. मला भीती वाटायची, रोज वाटायची. पण हिला तेव्हा जितकी खूष पाहिली तितकी मी क्वचितच पाहिली होती.

आज दुपारी दार उघडलं तर बाई बाकाच्या एका टोकाला सरकलेली होती. पिशवी मांडीवर घेतलेली. शेजारी एका माणसाला पुरेल एवढी जागा.

माझ्या हातातला डबा निसटला. हिने बाकाकडे पाहिलं, मग खुर्चीत नीट बसली आणि पदर सारखा केला.

"जागा केलीय माझ्यासाठी," ती म्हणाली. "करू दे. अजून तिच्या चपलांचे पट्टे व्हायचेत."

मी सगळ्यात बारीक ब्रश धुतला आणि तिच्या हातात दिला. ब्रश स्थिर राहावा म्हणून मी तिच्या मनगटाखाली माझा हात धरला. आम्ही दोघांनी मिळून अख्ख्या दुपारात अर्धा पट्टा काढला.