उलटा जोडलेला तुकडा

खोकला. जगातला पहिला आवाज मी ऐकला तो हा, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांचा. मशीन सुरू केलं की त्यांचा घसा हमखास खवखवायचा. मी ध्वनिफीत, तपकिरी, बोटभरही रुंद नसलेली, चकतीवर गुंडाळलेली. ऐकलेलं धरून ठेवायचं, एवढंच मला येतं.

काकांच्या दुकानामागच्या खोलीत चौघं वाजवायला यायचे. त्यांची पहिली तबकडी अजून निघायची होती. त्या संगीताला सायकेडेलिक रॉक म्हणतात. काका म्हणायचे, "भोवळीची गाणी."

गिटारवाला अंगाने काडी, म्हणून नावही काडी. एका दुपारी त्याने माझा, फक्त त्याची गिटार असलेला, पाच हात लांब तुकडा कापला आणि उलटा फिरवून पुन्हा चिकटवला. त्याची गिटार शेवटाकडून सुरुवातीकडे वाजू लागली. सूर बारीक उगवायचा, फुगत जायचा आणि एकदम तुटायचा. माझ्या पोटात असलं काही आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं.

मग तबकड्या काढणाऱ्या कंपनीला नक्कल पाठवायची वेळ आली. काका शिस्तीचे. जोड पाहून पुटपुटले, "घाईत उलटं चिकटवलंय लेकराने." मायेने त्यांनी तुकडा सुलटा केला, नक्कल पाठवली. उत्तर आलं: तिघं चालतील. गिटार साधीच आहे, वाजवणारा आम्ही देऊ.

काडी दुकानात आला. "काका, तो उलटा भाग त्यांनी ऐकला ना?"

काकांच्या हातातला पेचकस थांबला. "ऐकला की."

"मग ठीक. नसेल आवडला."

त्याने गिटार सोडली. काकांनी त्याच संध्याकाळी तुकडा होता तसा उलटा जोडला आणि मला कपाटात ठेवलं. दोन शब्दांचं ओझं माणूस किती वर्षं वाहू शकतो, याचा मी तिथे बसून विचार करायचे. चाळीस वर्षं, असं आता कळलंय. तुमच्या घरी एखादी जुनी फीत असेल, तर पुसण्याआधी एकदा ऐका. तिच्यात कुणाचं काय अडकलंय, सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात काकांनी काडीला बोलावून घेतलं. त्याचेही केस पिकलेत.

"मी तो भाग सुलटा करून पाठवला होता रे. तुझं त्यांनी ऐकलंच नाही. वर तुझ्याशी खोटं बोललो."

"लावा," काडी म्हणाला.

मी फिरू लागले. तो तुकडा आला तशी त्याची बोटं गुडघ्यावर हलू लागली.

"शिव्या दे हवं तर," काका म्हणाले. "पण असा गप्प बसू नकोस, बाबा."

"गाणं चालू आहे, काका."

मी संपले. काडीने मला उचलून खोक्यात ठेवलं, काकांच्या खिशातलं पेन काढलं आणि झाकणावर सावकाश लिहिलं: 'जोड बरोबर आहे. सुधारू नये.' खोकं काकांच्या मांडीवर ठेवलं आणि तो निघून गेला.