सहाव्या हिरव्या रंगाचा मान

मी प्लॅस्टिकची पट्टी बोलतेय. माझ्या अंगावर हिरव्याच्या सहा छटा आहेत. पहिली पोपटी, सहावी काळपट. भाताचं पान माझ्यावर धरायचं. चौथ्या छटेपेक्षा फिकट दिसलं तर युरिया टाकायचा, नाहीतर गोणीला हात लावायचा नाही. माझं शास्त्र एवढंच. इतक्या सोप्या गोष्टीवर शहाण्या माणसांचा विश्वास कसा बसणार?

दोन हजार चार साली घोटीजवळच्या एका गावात शेतकरी मेळावा झाला. कृषी खात्याचे साहेब म्हणाले, "जादा युरिया पिकाला लागत नाही. काही पाण्याबरोबर जातो, काहीचा वायू होतो आणि तो वायू जगाची हवा तापवतो." मंडळींनी जगाबद्दल हळहळ व्यक्त केली आणि चहाची चौकशी केली. मग माझ्यासारख्या पट्ट्या वाटल्या. मी फुकट होते, म्हणून बारकू नावाच्या भातकऱ्याने मला खिशात घातलं.

घरी त्याने मला निरखलं. आकडे दिसले की माणसाला त्यात पहिला नंबर शोधल्याशिवाय राहवत नाही.

"अगं, ही परीक्षाच हाय बघ. सहावा रंग म्हंजे पैला नंबर!"

त्याची बायको तानुबाई तांदूळ निवडत होती. "अन् पुंजाभाऊंचं भात कितवं?"

"असंल पाचवं."

या भागात उभं पीक रस्त्यावरून जोखतात. एसटीतल्या माणसाने मान वळवून पाहिलं की शेतकरी पास. बारकू रोज माझ्यावर पान धरी आणि पाचवा रंग निघाला की आणखी युरिया फेकी. अखेर सहावा आला. शेजारचा पुंजा बांधावरून म्हणाला, "काय रे, ऑइलपेंट मारला का काय?" बारकू आठवडाभर फुगून चालला.

मग एका दुपारी वारं सुटलं आणि सगळं भात चिखलात आडवं झालं. युरियाने माजलेल्या मऊ धाटांत उभं राहायचं बळच नव्हतं. त्या वर्षी भातकऱ्याच्या घरात बाजारचा तांदूळ शिजला.

पुढच्या हंगामात तानुबाईने मला ताब्यात घेतलं. उन्हाकडे पाठ करून तिने स्वतःच्या सावलीत पान धरलं.

"चौथा हाय. ठेवा ती गोणी खाली."

"पुंजाचं बघ कसं काळंभोर! लोकं म्हनतील, बारकूला खत परवडंना."

"म्हनू द्या. औंदा बी इकतचा तांदूळ खायाचाय का?"

बारकूने गोणी ठेवली. पण एसटी आली की तो रस्त्याकडे पाठ करी.

भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या आणि पुन्हा तसंच वारं आलं. पुंजाचं पीक झोपलं, बारकूचं उभं राहिलं. पुंजा पडक्या चेहऱ्याने आला. "कंचं औषध मारलं रे?"

तानुबाई तोंड उघडणार, तोच बारकू म्हणाला, "बियानंच येगळं व्हतं, भाऊ." मळणी होताच त्याने मला नव्या भाताच्या कणगीत खोल खुपसलं. साऱ्या गावाचं पीक उभं राहिलं, तर त्याच्याकडे कोण बघणार?

तेव्हापासून मी इथेच आहे. आपलं पीक अशक्त होतं, असं ठरवून पुंजाने यंदा दुप्पट युरिया आणलाय. त्याच्या शेतातला वायू बांधापाशी थबकून माघारी फिरेल, असा बारकूचा समज असावा.

तानुबाई, कणगीतून भात काढाल तेव्हा मलाही काढा आणि पुंजाच्या बायकोच्या हाती द्या. त्यासाठी घरधन्याला विचारत बसू नका.