जिवंत लेकाची आंघोळ

या मायबापहो, पुढं सरा. मागं बसलात की अर्धी कथा वाराच ऐकतो. आज देवाचं चरित्र नाही सांगत. एका शूर माणसाचं सांगतो, आणि त्याच्या शौर्याखाली काय चिरडलं तेही सांगतो.

फाल्गुन होता. निष्पर्ण, निर्दय, निखाऱ्यांचा फाल्गुन. डोंगरउतारावर पळस पेटलेला, बांधावर पांगारा पेटलेला, आणि या रक्तवर्ण वणव्याखाली नदी कृश, क्षीण. वाळूच्या विस्तीर्ण शुभ्र तळहातावर एक निळी शीर तेवढी वाहत होती. त्या वाळूत, मांडवाच्या फाटक्या सावलीत, सुभेदार हैबतरावांचा दहावा होता.

वज्रदेही सुभेदार. मेघगर्जन गळ्याचे सुभेदार. दोन युद्धं अंगावर घेऊन नव्वदाव्या वर्षी पाठीचा कणा ताठ ठेवून गेलेले सुभेदार. झेंडूच्या हारातली तसबीर अजून डोळे वटारून बघत होती. एकेक जुना फौजी उठे, तसबिरीला कडक सलाम ठोके आणि म्हणे, "घर असं शिस्तीत ठेवलं, की पानसुद्धा हुकमाशिवाय हललं नाही!"

बायकांत बसलेली लेक सारजा हे ऐकत होती. पंचावन्न वर्षांची, काळीसावळी, कोरड्या डोळ्यांची. खरं होतं. पान हललं नव्हतं. पान तोडलं गेलं होतं.

ती नऊ वर्षांची होती तेव्हाची ती सकाळ. थोरला भाऊ येसाजी फौजेच्या ट्रेनिंगमधून तीन महिन्यांत पळून आला होता. कोवळा, कृष्णवर्ण, कंठात मध असलेला येसाजी. अंगणात उभं राहून म्हणाला, "आबा, मला बंदूक नको. कीर्तनात बुवांच्या मागं टाळ धरून उभा राहीन, जन्मभर."

आबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विहिरीचं पाणी शेंदवलं, अंगणात घंगाळं भरवलं आणि घरातल्या एकेकाला पुढं ओढलं. नावानं आंघोळ करणं आपण बोलण्यात बोलतो हो. या माणसानं ती खरंच केली. आईच्या डोक्यावर तांब्या. सारजेच्या डोक्यावर तांब्या. पाळण्यातल्या तान्ह्या भावाच्या, तुळाजीच्या टाळूवर ओंजळ. थंडगार, थरथरतं, थेंबाथेंबानं मारणारं पाणी. आणि ज्याच्या नावाची ही प्रेतआंघोळ, तो जिवंत भाऊ पाच हातांवर उभा राहून बघत होता. आईच्या केसांतून ओघळणारा स्वतःचा मृत्यू बघत होता.

तो घर सोडून गेला. बारा वर्षांनी दूरच्या एका गावाहून पत्र आलं. तिथल्या देवळात येसाजीनं देह ठेवला होता आणि परक्यांनी त्याला अग्नी दिला होता. आबांनी पत्र चुलीत सारलं. "ज्याची आंघोळ झाली, त्याचं सुतक दुसऱ्यांदा नसतं."

एवढंच बोलले. पिंड नाही, पाणी नाही, नाव नाही. आई त्याच वर्षी खंगून गेली.

आणि आता मांडवात मुकुंदबुवा प्रवचन आवरत म्हणाले, "सुभेदारांच्या मागं एक मुलगा, एक मुलगी..."

सारजा उठली.

"चुकलं, बुवा. मुलगे दोन. थोरला येसाजी. त्याचा पिंड राहिलाय. आज द्या."

 तुळाजी बोटातल्या दर्भाशी चाळा करत कुजबुजला, "आक्का, खाली बस. लोकं बघत्यात."

"बघू देत. तेव्हाही बघतच होती."

एक हवालदार उसळले. "सुभेदारांच्या दहाव्याला पळपुट्याचं नाव? अब्रू तरी ठेवा त्यांची!"

मागून चुलती फणकारली, "भावजी जिते असते तर हिची जीभ हासडली असती."

"म्हणून तर आज बोलतेय, काकी. हासडणारा जाऊन दहा दिवस झालेत."

क्रियेच्या गुरुजींनी तुळाजीकडं पाहिलं. तुळाजीनं मान खाली घातली. "आबांचा हुकूम होता," तो म्हणाला. दर्भ काढून वाळूत टाकला आणि चालू लागला. त्याच्यामागं चुलती, भावकी, सलाम ठोकणारे हात. वाळूवर पावलांचा कठोर, करकरता, कवायतीसारखा आवाज.

सारजा परातीजवळ बसली. उरलेला भात तिनं मुठीत घेतला. मुठीत राग होता, शेहेचाळीस वर्षांचा. त्या रागानंच तो भात वळला, गोल झाला, पांढरा झाला, एका चेहऱ्याएवढा लाडका झाला. तो पिंड घेऊन ती नदीत उतरली. गुरुजी हलेनात. तेव्हा मुकुंदबुवा अनवाणी वाळूत उतरले, तिच्याशेजारी पाण्यात उभे राहिले.

"मंत्र मी म्हणतो, बाई. नाव तुम्ही घ्या. मोठ्यानं घ्या."

तिनं घेतलं. पळसापर्यंत, पांगाऱ्यापर्यंत, पाठ फिरवून निघालेल्या प्रत्येक कानापर्यंत घेतलं.

तिनं बापाला क्षमा केली असं मी सांगणार नाही. नाही केली. तसबिरीपुढं हात जोडले नाहीत, मान लववली नाही. ती फक्त पिंड प्रवाहात सोडून गुडघाभर पाण्यात उभी राहिली. खालून रुपेरी मासोळ्यांचा थवा वर आला, त्या पांढऱ्या पिंडाभोवती झुलला, फिरला, लखलखला. आणि कणाकणानं, हलक्या तोंडांनी, त्यांनी तो उचलून नेला.

मायबापहो, उठण्याआधी माझं एवढं ऐका. सुभेदारांचं नाव गावच्या शिळेवर कोरलंय. त्याला तुमची गरज नाही. दुसरं नाव मात्र कुठंच लिहिलेलं नाही. म्हणून एकदा, ओठांतल्या ओठांत का होईना, आठवण करा त्याची. म्हणा, येसाजी. सारजेचा भाऊ, येसाजी.