मशीन बंद कर

करवतीचं डोकं फिरलं की आधी तिचे कान लाल व्हायचे. आज तर ते नुसते पेटले होते. करवत हे नाव या गायिकेला तिच्या आवाजामुळे पडलेलं. पेपरवाले तिला बिघडलेली म्हणायचे, दोन शहरांत तिच्या पंक बँडला बंदी होती, आणि हे सगळं एका गाण्यापायी. लॉन्ड्रीत कामाला असताना चादरींना इस्त्री करायच्या रोलरमध्ये तिच्या आईचा हात भाजला, त्याचं गाणं.

त्या लॉन्ड्रीचा मालक आज पहिल्या रांगेत बसला होता. सभागृहही त्याचंच निघालं.

"आधी स्टेजवर माफी, मग गाणी," मॅनेजर मेकअपच्या खोलीत येऊन म्हणाला. "नाहीतर पडदा उघडणार नाही."

"मग तो साहेबांना पांघरायला द्या," करवत म्हणाली.

कोपऱ्यातून आई उठली. "गाणं बदल."

"तूसुद्धा? त्याने तुझा हात भाजला, आणि तू त्याचीच बाजू घेतेस?"

"त्याची बाजू गेली खड्ड्यात. मी माझं बोलतेय. गावभर गात सुटलीस, 'माझी मुकी आई, काही बोललीच नाही.' कुणी सांगितलं तुला? एकदा तरी विचारलंस?"

ड्रमवाला उगाच भिंत न्याहाळू लागला.

"ओरडले होते मी. 'मशीन बंद कर!' घसा फाटेस्तोवर. आणि हा मालक बटणापाशी उभा राहून म्हणतो, आधी चादर निघू दे, करपेल."

करवत मॅनेजरकडे वळली. "पडदा उघडा."

"म्हणजे माफी...?"

"उघडा तर."

पडदा सरकला. मॅनेजरने मालकाकडे बघून मान डोलावली, काम फत्ते केल्यासारखी. करवतीने माइक खाली केला, आईच्या उंचीला आणला आणि बाजूला झाली.

आई माइकसमोर आली आणि तिने बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत चुरगळलेली कातडी दिव्यात चमकली.

"हे म्हणाले, आधी चादर निघू दे," तिने सरळ मालकाकडे बोट केलं. "मी काय म्हणत होते, ते आता ऐका."

आणि ती ओरडली. करवतीला तो आवाज कुठून मिळाला, ते ड्रमवाल्याला तेव्हा कळलं. त्याने काठ्या उचलल्या. मालक घाईघाईने दाराकडे निघाला, पण मागच्या सगळ्या रांगा उभ्या राहिल्या होत्या, आणि त्याच्याच सभागृहात, त्याच्या तोंडावर ओरडत होत्या, मशीन बंद कर.